हातमोज्याचा आवाज

३ मार्च १९७६
उवाजिमा

कुरामोचीभावजी,

एरवी मी पत्राच्या वर 'थोरल्या सवतीस' असं लिहिते आणि हे शेजारी बसून खो खो हसतात. आज तसं लिहिणार नाही. आज माझं डोकं ठिकाणावर नाही.

तुमचं पाकीट दुपारी आलं. जाडजूड होतं, म्हणून मला वाटलं सत्काराचे फोटो असतील. बेसबॉलच्या कीर्तिदालनात तुमची तसबीर लागणार, हे आम्ही रेडिओवर ऐकलंच होतं. त्या दिवशी ह्यांनी आमच्या माशाच्या वड्यांच्या दुकानात आलेल्या प्रत्येकाला हात धरून थांबवलं आणि सांगितलं, "हा गिइचि म्हणजे माझी बायको बरं का!" म्हणून मी हातसुद्धा न पुसता पाकीट फोडलं. आत निघालेल्या, तुमच्या येऊ घातलेल्या पुस्तकाच्या नवव्या प्रकरणावर माशाच्या लगद्याची बोटं उमटली आहेत. उमटू देत.

भावजी, तुम्ही हे काय लिहून ठेवलंत?

ह्यांच्या खांद्याबद्दलचं तेवढं तीनदा वाचलं मी. 'सत्तावन्न सालचा शेवटचा सामना. चौथ्या डावात कान्जीचा खांदा गेला. चेंडू हातात आला तेव्हाच मला कळलं, त्यात जीव नव्हता. पुढचे सगळे डाव मी नुसता हातमोज्याचा आवाज काढत राहिलो.' हे तुमचंच ना? कढईतल्या तेलाचा धूर झाला तरी मला पत्ता नाही. हे आतून ओरडले, "अगं फुसाए, दुकान पेटवतेस काय?" मी पाकीट तांदळाच्या डब्यात खुपसलं.

"कुणाचं पत्र?"

"सवतीचं."

"काय म्हणते म्हातारी?"

"म्हणते, नवऱ्याला सांभाळ."

हे हसले. मीही हसले. म्हणजे तोंडातून तसा आवाज काढला.

लग्न होऊन आले तेव्हा कुणीतरी मला सांगितलं, चेंडू झेलणारा कॅचर म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पिचरची बायको. मला वाटलं, पुरुषांची काहीतरी टवाळी. मग हळूहळू कळलं की टवाळी कसली, खरंच माझ्याआधी घरात एक आहे. ह्यांना कधी भूक लागते, कधी राग येतो, कोणता खांदा आखडलाय, सगळं तुम्हाला आधी ठाऊक. मी जळायचे तुमच्यावर. आणि तुमच्या त्या आवाजावर तर सगळा देश खूश. तुम्ही लढाईवरून परत आलात, घोड्याच्या खोगिराचं चामडं कापून स्वतः हातमोजा शिवलात, आणि भुसा भरल्यासारखे ते तेव्हाचे चेंडू झेलून असा 'ठाप्प' काढायला शिकलात की लोक नुसता तो ऐकायला मैदानावर येत. "लोक उपाशी होते वहिनी, वाटलं, कानाला तरी पोटभर मिळावं," असं तुम्हीच आमच्या ओसरीवर बसून म्हणाला होतात. तेव्हा मी तुम्हाला दुसऱ्यांदा भात वाढला होता.

त्या शेवटच्या सामन्याला मी घरमालकीण मात्सुएमावशींच्या स्वयंपाकघरात रेडिओला कान लावून बसले होते. पोटात युकिए होती. प्रत्येक चेंडूला तो आवाज यायचा, आणि मावशी म्हणायच्या, "ऐक गं, तुझ्या नवऱ्याच्या हातात आज वीज आहे." चार दिवसांतला तिसरा सामना, खांदा सुजलेला, आणि तरी नवव्या डावापर्यंत ठाप्प, ठाप्प. मी रडले होते त्या दिवशी, अभिमानाने.

मग मी कुणाचा आवाज ऐकत होते, भावजी?

ते प्रकरण पुस्तकातून काढा. दुसरं काही मागत नाही.

फुसाए

१२ मार्च

भावजी,

तुमचं कार्ड मिळालं. 'वहिनी, हे पोटात ठेवून मला मरायचं नाही.' वा! पोट तुमचं, आणि दुखणं बांधायचं ते आमच्या गळ्यात!

तुम्ही अठरा वर्षं आमच्या दारात पाऊल टाकलं नाहीत. नव्या वर्षाचं कार्ड तेवढं न चुकता. मला वाटायचं, माणूस मोठा झाला, अठरा मोसम खेळला, मग संघाचा गुरू झाला, त्याला आता वड्या विकणाऱ्याचं घर कसं आठवेल? ह्यांच्यासमोर बोलूनही दाखवलं मी एकदा. तर हे माझ्यावरच उखडले. "गिइचिला नावं ठेवायची नाहीत. त्याच्यामुळे मी आहे." आता कळलं तुम्ही का आला नाहीत. तोंड दाखवायला जागा नव्हती, खरं ना?

तुम्ही विचारलंय, कान्जीला खरं कळलं तर काय बिघडेल, उलट बरं वाटेल. अहो, त्या माणसाकडे आहे काय? उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. केस मी विंचरते, पाठ मी चोळते. वड्या डाव्या हाताने थापतात, म्हणून आमच्या वड्या सगळ्या एका बाजूला कललेल्या. गिऱ्हाईक चेष्टा करतं, हे ऐकून घेतात. पण कुणी त्या सामन्याचं नाव काढलं की हेच कान्जी ताठ उभे राहतात. "खांदा फाटत होता, पण शेवटच्या चेंडूपर्यंत वेग तसूभर कमी झाला नाही. विश्वास नसेल तर गिइचिच्या हातमोज्याला विचारा!" एवढं एक वाक्य आहे त्यांच्याकडे. ते काढून घेतलंत तर खाली नुसता तुटका हात उरतो.

मी त्या तुमच्या हुशारीला नावं ठेवत नाही. समोरच्या संघाने एकेका चेंडूचा आवाज ऐकला, त्यांना वाटलं पुढचाही सुसाट येणार, त्यांनी बॅट आधीच फिरवली आणि बाद झाले. जिंकलात. वर्तमानपत्रांनी त्याला तुमच्या आयुष्यातला सर्वोत्तम सामना म्हटलं. पण तोच आवाज आपल्या संघाच्या गुरूंच्याही कानात गेला ना? तुम्ही आवाज काढला नसता तर त्यांनी ह्यांना चौथ्याच डावात बाहेर बसवलं असतं. चोवीस वर्षांचे होते हो हे. खांदा वाचला असता.

आता तुम्ही पोटातलं ओकलंच आहे, तर माझंही घ्या.

हे सगळ्यांना सांगतात की हात गेला तो त्या हिवाळ्यात, सार्वजनिक स्नानघराच्या पायरीवर साबणावरून पाय घसरला तेव्हा. "माझाच गाढवपणा," म्हणतात. अठरा वर्षं त्या स्नानघराची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने जातात. पण सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना सदऱ्याची गुंडी लावता येत नव्हती. बोटं चालत होती, हात वर येत नव्हता. मी लावली. हे म्हणाले, "दमलोय नुसता." मी म्हणाले, "हो, दमलायत." साबण महिन्याभराने आला. हात कशाने गेला हे मला तेव्हापासून माहीत आहे आणि मी साबणावर ढकललं. कारण साबणाने गेलेला हात म्हणजे नशीब. खेळाने नेलेला हात म्हणजे कुणीतरी नेलेला. मग हे कुणावर तरी चिडले असते, आणि जगात तेव्हा ह्यांना तुम्ही एकटेच होतात.

म्हणजे आवाज मीही काढत होते. एवढं लिहिलं, आता पुरे. ते प्रकरण काढा.

फुसाए

५ एप्रिल

थोरल्या सवतीस,

काढलंत, असं कळवलंत. देव तुमचं भलं करो. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यातून तुमची मूठ तर हातमोज्यातली.

आता दुसरी बातमी, आणि ती ऐकून माझं धाबं दणाणलंय. आमच्या गावात नवं मैदान झालंय. पंचवीस तारखेला उद्घाटन. नगराध्यक्ष दुकानात येऊन ह्यांना म्हणाले, "ह्योदोसान, पहिला चेंडू तुम्ही टाकायचा. आणि झेलायला कीर्तिदालनवाले कुरामोची येणार आहेत, त्यांनी होकार दिलाय." हे त्या क्षणापासून जमिनीवर नाहीत.

"हात वर जात नाही तर टाकणार कसा?" मी विचारलं.

"खालून टाकीन. पोरी सागरगोटे फेकतात तसा. पोचला म्हणजे झालं."

"लोक हसतील."

"हसू दे गं. थोरली झेलणार आहे ना!"

रोज सकाळी मागल्या अंगणात मुळ्याच्या टोपलीत चेंडू टाकण्याचा सराव चाललाय. दहातले चार टोपलीत पडतात. बाकीचे माझ्या वाळवणात. काल मी ओरडले तर म्हणाले, "गिइचि असता तर वाळवणातूनही काढला असता." हा माणूस इतका खूश मी युकिएच्या जन्माच्या वेळी पाहिला होता, त्यानंतर आत्ता.

तेव्हा तुम्ही याच. पण तोंडाला कुलूप लावून या. भाषणात त्या सामन्याचा शब्द काढायचा नाही. विचारलं कुणी, तर हवापाण्यावर बोला, संत्र्याच्या मोहरावर बोला. दुपारी जेवायला आमच्याकडेच. समुद्रातला ब्रीम मासा घालून भात करते आहे, तुम्हाला आवडतो तसा. ह्यांनी तुमच्यासाठी नवीन बसायची गादी आणलीय. तुमच्या गुडघ्यांचं ह्यांना कुणीतरी सांगितलंय.

तुमची,
धाकटी

२६ एप्रिल

भावजी,

तुम्ही जेवायला थांबला नाहीत. भाताचं भांडं मी तसंच झाकून ठेवलं, ते आज सकाळी उघडलं. तुम्ही दुपारच्या गाडीने गेलात, असं नगराध्यक्षांनी येऊन सांगितलं. काहीतरी काम निघालं म्हणे. काम निघालं नाही. तुम्हालाही कळलं, म्हणून पळालात.

मी अजून हादरलेली आहे. हे पत्र सरळ लिहिलं जाईल की नाही, माहीत नाही.

तुम्ही कबूल केलंत तसं सगळं केलंत, हे मी मान्य करते. भाषणात मोहरावर बोललात. लोकांना वाटलं, म्हातारा किती साधा. मग तुम्ही तो जुना खोगिराच्या चामड्याचा हातमोजा काढलात आणि गुडघे मोडून खाली बसलात, तेव्हा बायकासुद्धा टाळ्या वाजवत होत्या. मी पहिल्या रांगेत होते. हे चेंडू टाकायच्या मधल्या उंचवट्यावर उभे. कोट घातलेला, केस मी विंचरलेले.

ह्यांनी खालून चेंडू टाकला. कसला तो चेंडू! भिकाऱ्याच्या वाडग्यात कुणी संत्रं टाकावं तसा. मला वाटलं, मध्येच पडतो. पण पोचला.

आणि ठाप्प!

सगळं मैदान दणाणलं. तोच आवाज, भावजी. मात्सुएमावशींच्या स्वयंपाकघरातला. लोक वेडे झाले, टोप्या उडवायला लागले, नगराध्यक्षांनी तर नाचच केला. तुम्ही ह्यांच्याकडे बघून हसलात. तुम्हाला मुद्दाम काही करायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तीस वर्षांची सवय. चेंडू आला की तुमचा हात किंचित पुढे जातो, मोजा मिटतो आणि आवाज निघतो. तुम्हाला थांबवता आला नसता. मित्राचा चेंडू लंगडा पडला असता तर तुम्हाला सहन झालं नसतं.

पण मी ह्यांच्याकडे बघत होते. हे हसत नव्हते.

तुम्ही चेंडू परत फेकलात. ठरल्याप्रमाणे एकच टाकायचा होता. ह्यांनी तो हातात घेतला, बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा टाकला. लोकांना वाटलं, हौस. मी ह्यांना ओळखते. ह्यांनी दुसरा चेंडू मुद्दाम पहिल्याहून हळू टाकला.

ठाप्प! तेवढाच मोठा.

तेव्हा ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तुम्ही पुन्हा चेंडू दिलात. तो ह्यांनी टाकलाच नाही. कोटाच्या खिशात घातला आणि तुम्हाला कमरेतून वाकून नमस्कार केला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. तुम्ही मात्र मोजा तसाच पुढे धरून बसून राहिलात. बायकोला वाकून नमस्कार कोण करतं हो? परक्या माणसाला करतात.

म्हणजे बघा, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत आणि सगळं सांगून टाकलंत. मी पुस्तकातलं पान काढायला लावलं, तुमच्या तोंडाला कुलूप लावलं, आणि हाताचं माझ्या लक्षातच आलं नाही!

घरी येताना हे माझ्यापुढे दहा पावलं चालत होते. मी हाका मारल्या. वळून पाहिलं नाही. घरात आले, नव्या गादीकडे बघितलं, ती उचलून कपाटात ठेवली. मग म्हणाले, "फुसाए, तो चेंडू आवाज करण्याजोगा होता का?"

मी ह्यांचा कोट उतरवायला पुढे झाले.

"नव्हता," हेच म्हणाले. "टोपलीतसुद्धा त्याचा आवाज होत नव्हता."

तेव्हापासून एक शब्द नाही. मला भीती वाटते आहे.

फुसाए

२ मे

भावजी,

सहा दिवस हे बोलले नाहीत. दुकान उघडत होते, वड्या थापत होते, गिऱ्हाइकाला नमस्कार करत होते. पण आमचं रोजचं गिऱ्हाईक, म्हातारे तात्सुमिकाका, नेहमीसारखे म्हणाले, "काय कान्जी, परवा काय आवाज निघाला! अजून हातात तोच जोर!" तेव्हा हे आत निघून गेले. अठरा वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य बोलले नाहीत.

काल सकाळी मला राहवलं नाही. मी तांदळाच्या डब्यातून तुमचं प्रकरण काढलं आणि ह्यांच्या पुढ्यात ठेवलं. मग गुंडीचं सांगितलं. साबणाचं सांगितलं. म्हटलं, मारायचं तर मारा, पण बोला.

ह्यांनी सगळं वाचलं. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. मग म्हणाले, "ते लवकर बॅट फिरवत होते."

"कोण?"

"त्या दिवशीचे सगळे. सुसाट चेंडूला माणूस चुकतो तो उशीर होऊन. हे सगळे लवकर चुकत होते. मी समोर उभा होतो, मला दिसत होतं. पण आवाज ऐकू येत होता ना, मग डोळ्यांचं कोण ऐकतो?" मग म्हणाले, "म्हणजे साबणाचा काही दोष नव्हता."

"नव्हता."

"आणि तू अठरा वर्षं मला लांबच्या रस्त्याने चालवलंस."

"चालवलं."

मग हे रडले. मी ह्या माणसाला कधी रडताना पाहिलं नव्हतं, खांद्यात सुया खुपसल्या तेव्हाही नाही. मला जवळ येऊ दिलं नाही. मी दाराशी उभी राहून रडले. खोटं कशाला सांगू, त्या वेळी तुमचा इतका राग आला की तुम्ही समोर असतात तर कढईच डोक्यात घातली असती. आणि लगेच स्वतःचाही आला.

संध्याकाळी हे टॉवेल खांद्यावर टाकून निघाले. त्या गल्लीने. त्या स्नानघरात. परत आले तेव्हा केस ओले होते, विंचरायला माझ्यापुढे बसले आणि म्हणाले, "कागद घे. त्याला लिही." ह्यांनी जसं सांगितलं तसं मी लिहिते आहे. एकही शब्द माझा नाही.

'गिइचि. ते प्रकरण पुस्तकात परत घाल. नऊ डावांतले साडेतीन माझे आहेत, उरलेले तुझे. तुझे आहेत तर तुझ्या नावाने छापून येऊ देत, मला उसने नकोत.

तुला माफ केलं असं फुसाएने लिहिलं तर विश्वास ठेवू नकोस. अजून केलेलं नाही. होईल की नाही, ठाऊक नाही. तू मला विचारायला हवं होतंस. उंचवट्यापर्यंत चालत यायचं होतंस आणि सांगायचं होतंस, कान्जी, चेंडूत जीव नाही. मी कदाचित तुला शिवी दिली असती आणि टाकतच राहिलो असतो. पण मग हात मी दिला असता. आत्ता तो तू नेलास.

तरी तू ये. मैदानावर नको, लोक नकोत. आमच्या मागल्या अंगणात. पंधरा पावलांवरून मी एक चेंडू टाकीन. पण येताना तुझा तो हातमोजा आणू नकोस. उघड्या हाताने झेल. चोवीस वर्षांचा असल्यापासून मी माझा चेंडू ऐकलेला नाही. कसा वाजतो ते मला ऐकायचंय.'

एवढंच. वाचून दाखवलं, तर म्हणाले, ठीक आहे, चिकटव.

गादी कपाटातून बाहेर काढलीय, ती ह्यांनीच काढली. भात पुन्हा करीन. या.

फुसाए